आण्णांच्या पायाची जखम आणि हळद: संशोधन नेमकं काय सांगतंय?

तासगावची लेक:

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नीट उत्तर देता येणार नाही.

माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, ६९ वर्षांचे. शुगर चौदा वर्षांपासून आहे. द्राक्षबाग आता धाकटा भाऊ बघतो, तरी सकाळी बागेत एक फेरी मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. दीड महिन्यापूर्वी नवं पायताण घेतलं, ते उजव्या अंगठ्याखाली चावलं. तळव्याला बधिरपणा असल्यानं त्यांना पत्ताच नाही. फरशीवर ओला डाग उमटायला लागला तेव्हा आईनं पाय उलटा करून बघितला, तर रुपयाएवढी जखम.

आईनं लगेच तिचा उपाय सुरू केला. पळीत साजूक तूप गरम करायचं, त्यात घरची हळद घालायची, कोमट झालं की जुन्या धोतराच्या फडक्यावर थापून बांधायचं. आम्ही भावंडं गुडघे फोडून यायचो तेव्हा याच पट्टीनं बरे झालो. आता तीन आठवडे झाले. वरून जखम कोरडी दिसते, पिवळी खपली धरलीय. पण परवा फडकं सोडताना वास आला. आई म्हणते तुपाचा वास आहे.

मोठा भाऊ पुण्यात असतो. तो रोज काहीतरी वाचायला पाठवतो: कर्क्युमिनचं (हळदीतल्या पिवळ्या गुणकारी घटकाचं) नॅनो जेल, कर्क्युमिनची पट्टी, उंदरांची जखम निम्म्या दिवसांत भरली, वगैरे. ९५ टक्के कर्क्युमिनच्या कॅप्सूलही त्यानं मागवल्यात, मिरीचा अर्क घातलेल्या. आण्णांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यामुळे मी अजून त्या दिल्या नाहीत.

मला मनापासून समजून घ्यायचंय. एवढं संशोधन होतंय तर त्यात तथ्य असणारच ना? मग आईची पट्टी आणि ते जेल यांत फरक काय? आणि आण्णांच्या पायावर आत्ता काय करू? डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे.

गिरीशकाका:

पोरी, शंका घेऊ नकोस. याच हळदीसाठी आपल्या शास्त्रज्ञ माशेलकरांनी अमेरिकेत लढा दिला आणि जिंकला. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं मान्य केलं की हळदीनं जखम भरते हे भारताला आधीपासून ठाऊक आहे. ज्ञान आपलंच आहे, त्याची लाज का वाटावी? माझ्या आईनं सात बाळंतपणं केली, घरात दुसरं औषध नव्हतं. आण्णांना बरं वाटो.

रोहिणी सिस्टर:

ताई, सोमवारपर्यंत थांबू नका. उद्या सकाळीच जा. मी अठरा वर्षं मधुमेही पायांची ड्रेसिंगं करते, त्यातली बारा एकाच ओपीडीत. वास आला म्हणजे आत काहीतरी चाललंय. पायाला ऊब लागतेय का, घोट्यापर्यंत लाली चढलीय का, सूज आहे का, आज रात्रीच बघा. ताप किंवा थंडी वाजली तर रात्रीच निघा.

हळदीबद्दल माझी तक्रार साधी आहे. हळदीनं मला जखम दिसत नाही. आम्ही जखमेकडे बघून सगळं ठरवतो. तळ लालबुंद दाणेदार आहे की फिका, पिवळसर चिकट थर, म्हणजे स्लफ, किती आहे, कडेला काळं पडतंय का, लाली कुठवर पसरलीय. हळद लावली की सगळंच पिवळं. स्लफ कुठला आणि हळद कुठली ते सलाईननं पंधरा मिनिटं धुतल्याशिवाय कळत नाही, आणि तूप असेल तर धुऊनही निघत नाही. वरून कोरडी आणि आत पोकळ, अशा जखमा मी शेकड्यांनी बघितल्यात. रुग्णाला दुखत नाही, कारण नसाच मेलेल्या असतात. न दुखणारी जखमच जास्त वाईट.

दवाखान्यात आठवणीनं विचारा: जखम हाडापर्यंत गेलीय का, पायाचा रक्तपुरवठा डॉपलरवर तपासला का, आणि जखमेवरचा भार कसा काढायचा. या तिसऱ्या गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही. कितीही भारी मलम लावलं आणि आण्णा त्याच पायावर बागेत फिरले, तर जखम भरणार नाही.

पिवळी वही:

ताई, सिस्टरांनी सांगितलंय ते आधी करा. हे उत्तर पाय दाखवून आल्यावर वाचा.

मी औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. केली. विषय हाच होता, जखमेवर ठेवायची कर्क्युमिन भरलेली नॅनोफायबरची, म्हणजे अतिसूक्ष्म धाग्यांची, जाळी. साडेचार वर्षं माझी नखं, ॲप्रन, प्रयोगाच्या वह्या, मोबाईलचं कव्हर सगळं पिवळं होतं. माझं इथलं नावही त्यावरूनच पडलं. या रेणूवर माझा जीव आहे. म्हणूनच त्याच्याबद्दल वाढवून सांगितलेलं मला सोसत नाही, आणि त्याला थोतांड म्हटलेलंही.

काकांच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यांच्याच मनात असतो. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. ते मिळवणारे दोघं संशोधकही भारतीय वंशाचेच होते. डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआरचे, म्हणजे देशातल्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचे, महासंचालक झाले. १९९६ मध्ये सीएसआयआरनं फेरतपासणी मागितली आणि ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत जुने संस्कृत आणि उर्दू ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरलं. विकसनशील देशानं आपल्या पारंपरिक ज्ञानावरचं अमेरिकन पेटंट रद्द करवून घेण्याची ती पहिली मोठी घटना. माशेलकर मूळ गोव्यातल्या माशेलचे, त्यामुळे आपल्याला त्याचा अभिमान अंमळ जास्तच, आणि तो असायलाच हवा.

पण काका, त्या निकालानं काय ठरलं ते नीट बघायला हवं. पेटंट कार्यालयापुढचा प्रश्न होता, हे ज्ञान नवं आहे का. उत्तर आलं, नाही, जुनं आहे. हळदीनं जखम किती भरते, कोणत्या जखमेत भरते, किती मात्रेनं भरते, यावर तिथे काहीच ठरलं नाही, ठरवायचंही नव्हतं. ज्ञानाची मालकी आपल्याकडे राहिली. त्याची कसोटी घेण्याचं काम त्यानंतर सुरू झालं, आणि ते अजून चालू आहे.

आता हळदीच्या आत बघू. हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के. त्याच्या जोडीला डिमेथॉक्सिकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सिकर्क्युमिन ही भावंडं, शिवाय टर्मेरोन असलेलं सुगंधी तेल. बाकी मुख्यतः स्टार्च. म्हणजे चमचाभर, समजा तीन ग्रॅम हळदीत कर्क्युमिन शंभर मिलिग्रॅमच्या आसपास आणि पीठ त्याच्या कितीतरी पट. जखमेवर आपण थापतो ते बहुतेक हे पीठच.

तो शंभर मिलिग्रॅमचा रेणू मात्र खरोखर गुणी आहे. जखम भरताना आधी रक्त गोठतं, मग दाह होतो, मग नवं मांस आणि नव्या रक्तवाहिन्या येतात, शेवटी कातडी घट्ट होते. मधुमेही जखम दुसऱ्या टप्प्यातच अडकून पडते. दाह संपतच नाही. पेशीत दाहाची जनुकं चालू करणारा एक मोठा खटका आहे, एनएफ-कप्पा-बी. कर्क्युमिन तो दाबतं, मोकाट ऑक्सिजन-रेणूंना आवरतं, कोलॅजन वाढवतं. जिवाणूंवर त्याचा परिणाम होतो हे तर १९४९ मध्येच 'नेचर'मध्ये छापून आलं होतं. १९९८ आणि १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं आधी निरोगी जनावरांवर आणि मग मधुमेह झालेल्या उंदरांवर कर्क्युमिन लावून दाखवलं की जखमेत नव्या पेशी लवकर येतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. तुमच्या भावाला जे दिसतंय त्याची मुळं तिथे आहेत. तो चुकीचं वाचत नाहीये.

मग अडतं कुठे? पाण्यात. मी प्रयोगशाळेत पहिल्या महिन्यात जे बघितलं ते सांगतो. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून पीएच ७.४ च्या, म्हणजे रक्ताइतक्याच किंचित अल्कधर्मी, द्रावणात टाकलं. सुंदर पिवळं झालं. सदतीस अंशावर ठेवून मी डबा खायला गेलो. परत आलो तर रंग उतरलेला. मला वाटलं माझ्याच हातून काही चुकलं, म्हणून तीनदा केलं. नंतर कळलं की हे १९९७ मध्येच मोजलेलं आहे: पीएच ७.२ च्या साध्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला, अर्ध्या तासात ९० टक्के कर्क्युमिन मोडतं. रक्तातली प्रथिनं सोबत असली तर बराच जास्त टिकतं, पण टिकण्याची खात्री नाही. उजेडातही ते मोडतं, आमच्या सगळ्या बाटल्यांना ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळलेली असायची. आणि जुनाट, न भरणारी जखम बहुतेक वेळा अल्कधर्मी असते. म्हणजे ज्या जखमेला या रेणूची सगळ्यात जास्त गरज, तिथेच तो सगळ्यात लवकर मरतो.

गेल्या वीसेक वर्षांचं बरंचसं संशोधन म्हणजे या एका अडचणीभोवतीची धडपड आहे. आधी कोलॅजनच्या पातळ पडद्यात कर्क्युमिन बसवलं, चेन्नईत चामड्याच्या संशोधन संस्थेत यावर चांगलं काम झालं. मग कायटोसान आणि अल्जिनेटची जेलं आली. कायटोसान म्हणजे कोळंबीच्या कवचातून काढलेला पदार्थ, अल्जिनेट समुद्री शेवाळातून. मग नॅनोकण, लायपोसोम म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्या, आमची नॅनोफायबरची जाळी. आता जी जेलं बनतायत ती जखमेचा पीएच किंवा दाह ओळखून तेव्हाच औषध सोडतात. कुणी चांदीच्या किंवा झिंक ऑक्साइडच्या कणांशी जोड देतंय. कुणी कर्क्युमिन लावून वर निळा प्रकाश टाकतंय, कारण हा रेणू निळा प्रकाश शोषून जिवाणूंना मारणारे ऑक्सिजन-रेणू तयार करतो, आणि प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवरही ते चालतं. मला स्वतःला हीच वाट सगळ्यात आशेची वाटते. ज्या प्रकाशानं तो मोडतो त्याच प्रकाशाचा उपयोग करून घ्यायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

आता भावाच्या उंदरांबद्दल. माझ्या उंदरांच्याही जखमा झपाझप भरल्या. कर्क्युमिनची जाळी लावलेल्या लवकर, पण नुसत्या कोऱ्या जाळीच्याही भरल्याच. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, तो आक्रसतो आणि जखमेच्या कडा ओढून जवळ आणतो. माणसाच्या तळव्याला ही सोय नाही. आपली जखम मुख्यतः तळातून नवं मांस येऊन आणि वरून कातडी सरकून भरते. काही प्रयोगशाळा म्हणून उंदराच्या जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवतात, म्हणजे आक्रसणं थांबतं. ज्या निबंधात ती कडी आहे तो मी आधी वाचतो. शिवाय त्या उंदराला मधुमेह होऊन काही आठवडे झालेले असतात, आण्णांना चौदा वर्षं झालीत, नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही थकलेल्या.

मात्रेचंही आहे. ठरावीक मात्रेत जो रेणू नवं मांस विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना सांभाळतो, तोच जास्त झाला तर त्यांना मारतो. माझ्या तिसऱ्या वर्षातली एक अख्खी तुकडी अशी गेली. 'जितकी जास्त तितकी चांगली' हे इथे चालत नाही.

आणि हेही सांगायला हवं की कर्क्युमिन चाचण्यांना फसवतं. ते स्वतःच चमकतं, कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे यंत्राला वाटतं औषध काम करतंय. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या औषधी-रसायनतज्ज्ञांनी एक मोठा आढावा लिहिला. १२० हून अधिक मानवी चाचण्या झाल्या, पण औषध आणि बिनऔषध अशी आंधळी तुलना (कुणाला काय दिलंय हे रुग्णाला आणि डॉक्टरांनाही न सांगता) करणारी एकही चाचणी यशस्वी म्हणता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तो वाचून मी दोन दिवस प्रयोगशाळेत गेलो नव्हतो. आज मला वाटतं की पोटातून घेण्याबद्दल त्यांचं बरंचसं खरं आहे. वरून लावण्याचा प्रश्न वेगळा, तिथे रेणूला आतड्यातून आणि यकृतातून जावं लागत नाही, तो जागेवरच ठेवता येतो.

माणसांवरचं काम आहे, पण थोडं. केरळात ६२ कर्करोग रुग्णांच्या उघड्या जखमांवर हळदीचा अर्क आणि कर्क्युमिनचं मलम लावलं होतं, ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झालं. वास सुमारे ९० टक्के रुग्णांत कमी झाला, खाजही कमी झाली. घरच्यांना जवळ बसता येणं ही त्या रुग्णासाठी लहान गोष्ट नव्हे. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. इराणात सिझेरियनच्या टाक्यांवर हळदीचं क्रीम लावून बघितलंय, तिथे फायदा दिसला. पण टाके म्हणजे स्वच्छ चाकूची, तरुण बाईची, रक्तपुरवठा भरपूर असलेली जखम. आण्णांच्या पायाशी तिची तुलना होत नाही. मधुमेही पायांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं २०२३ च्या मार्गदर्शनात वनस्पतींचे अर्क भरलेल्या पट्ट्या जखम भरण्यासाठी वापरू नका असंच लिहिलंय, कारण पुरावा अजून कच्चा आहे. माझीही जाळी त्यातच आली. वाचून वाईट वाटलं, पण आज माझ्या वडिलांचा पाय असता तर मीही तेच केलं असतं.

तर, आईची पट्टी आणि ते जेल यांत फरक काय? जेलमध्ये रेणू मोजलेला असतो, शुद्ध असतो, निर्जंतुक असतो, आणि तो मोडू नये म्हणून त्याला घर बांधून दिलेलं असतं. पळीतल्या हळदीत यातलं काहीच नाही. निर्जंतुक नसणं मला यांत सगळ्यात घातक वाटतं. हळद जमिनीतून येते, आणि मातीतल्या जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. धनुर्वाताचे जिवाणू मातीतच राहतात. आण्णांचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही डॉक्टरांशी बोलून घ्या.

हळकुंड वसमतकर:

साहेबांनी मातीचं काढलंय म्हणून शेतकऱ्याच्या बाजूनं सांगतो. मी हिंगोली जिल्ह्यातला, सहा एकर हळद आहे, सेलम जातीची.

फेब्रुवारी-मार्चात काढणी. कंद मातीतून निघतात, झटकून वाफेच्या कुकरमध्ये शिजवायचे, मग पंधरा दिवस उन्हात. ताडपत्री असली तर ताडपत्रीवर, नसली तर मोकळ्या रानात. रात्री त्यावरून कुत्रं जातं, सकाळी पाखरं बसतात. मग पॉलिशचा ड्रम, मग पोतं, मग मोंढा. घरच्यापुरती जी ठेवतो ती डंकावर नेतो, तिथं आमच्या आधी कुणीतरी मिरची नाहीतर धने कांडलेले असतात. फोडणीत पडायची वस्तू आहे, त्यासाठी हे सगळं ठीक आहे. उघड्या मांसावर ठेवायची म्हणून ही हळद आम्ही पिकवलेली नाही, हे मी पिकवणारा सांगतो.

घरची म्हणजे शुद्ध असं ताईंच्या आईला वाटत असेल तर ते रंगाच्या बाबतीत खरं आहे. बांगलादेशात पॉलिश करताना शिशाचा पिवळा रंग चढवायचे, २०१९ मध्ये ते उघड झालं आणि तिथल्या सरकारनं कडक कारवाई करून दोन वर्षांत बाजारातून जवळपास नाहीसं केलं. घरच्या हळदीत ती भीती नाही. जिवाणूंची आहे.

बाकी काढणीत विळा लागला की आम्हीही मुठभर हळद दाबतोच. रक्त थांबतं. पण ते दाबल्यानं थांबतं का हळदीनं, हा विचार मी आज पहिल्यांदा केला.

तासगावची लेक:

सगळ्यांचे फार आभार. सिस्टर, तुमचं वाचून सकाळी सातलाच निघालो.

डॉक्टरांनी जखम धुतली तेव्हा मी शेजारी उभी होते. खपलीखाली बोटाचं पेर जाईल एवढी पोकळी होती. मेलेलं मांस काढलं, आण्णांना काही जाणवलंही नाही, ते डॉक्टरांना द्राक्षाचा दर सांगत होते. एक्स-रेमध्ये हाड ठीक आहे. डॉपलर केला, रक्तपुरवठा कमी आहे पण पुरेसा आहे म्हणाले. तीन महिन्यांची सरासरी शुगर ९.४. प्रतिजैविक सुरू केलंय, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आणि पुढचा भाग अधांतरी राहील असा एक बूट दिलाय, टाचेवर चालायचा.

दोन गोष्टी राहिल्या. कॅप्सूल देऊ का? आणि दुसरी जड आहे. डॉक्टर आईसमोरच म्हणाले, ही पट्टी बांधली नसती तर तीन आठवडे वाया गेले नसते. त्यांचं बरोबर आहे. पण आई तेव्हापासून नीट जेवत नाही. रात्री मला विचारत होती, "मी त्यांचं वाटोळं केलं का गं?" तिला काय सांगू?

पिवळी वही:

कॅप्सूल देऊ नका. मिरीतलं पायपरिन कर्क्युमिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढवतं, १९९८ मध्ये बंगळुरूला झालेल्या प्रयोगात ते २००० टक्क्यांनी वाढलं होतं. पण पायपरिन इतर औषधांचंही वाढवू शकतं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना ती जोखीम घेण्याचं कारण नाही. शिवाय अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत आल्या आहेत. अमेरिकेतल्या एका पाहणीत अशा दहा रुग्णांपैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकप्रकार सापडला. तो कुणात आहे हे बघून कळत नाही, म्हणून कुणाला बाधेल हे आधी ओळखता येत नाही. भाजी-आमटीतली हळद निर्धास्त चालू ठेवा. डॉक्टरांना कॅप्सूलची बाटली मात्र नक्की दाखवा.

आईंना सांगा की जखम त्यांनीच पहिल्यांदा शोधली. आण्णांना कळली नव्हती, तुम्हाला दिसली नव्हती. फरशीवरचा डाग बघून पाय उलटा करणारी बाई त्या होत्या. तुमचे गुडघे बरे झाले ते खोटं नव्हतं, ते निरोगी मुलांचे गुडघे होते, आणि रोज हातानं धुऊन, पुसून, स्वच्छ फडकं बांधून त्या जे करत होत्या त्याला आम्ही जखमेची निगा म्हणतो. हा पाय वेगळा आहे, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रोहिणी सिस्टर:

आणि आईंना काम द्या. दर आठवड्याला जखमेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद धरून पेनानं कड आखायची, लांबी-रुंदी लिहून ठेवायची. चार आठवड्यांत निम्मी झाली नाही तर डॉक्टरांना पुन्हा सगळं तपासायला सांगायचं. दुसरा पायही रोज रात्री बघायचा, आरसा खाली धरून, बोटांच्या बेचक्यांसकट. पायताण घालण्याआधी हात घालून आत खडा-काटा आहे का ते चाचपायचं.

तासगावची लेक:

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

पहिलं माप २४ बाय १९ मिलिमीटर होतं. चौथ्या आठवड्यात १५ बाय ११. काल ९ बाय ६. आईनं सगळी मापं कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलीत, आणि डॉक्टरांकडे जाताना ते पानच फाडून नेते. साधी सलाईनची ओली पट्टी होती, आता फोमची लावतात. शुगरची औषधं बदलली, इन्सुलिन सुरू झालं. आण्णा बागेत जायचं ऐकत नव्हते, म्हणून धाकट्यानं मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला. आता ते ओट्यावर बसून मोटार चालू-बंद करतात आणि कुणाचं तरी पाणी जास्त झालं म्हणून फोनवर ओरडतात.

आरशाचं काम आई सोडत नाही. आधी आण्णांचा पाय, मग स्वतःचा, मग शेजारच्या काकूंचा, त्यांनाही शुगर आहे. परवा काकूंच्या टाचेला भेग सापडली तर हळद न लावता दवाखान्यात पाठवलं.

पुण्याचा भाऊ अजून निबंध पाठवतो. आता मी त्याला विचारते, उंदराला कडी शिवली होती का?

एक मदत हवी आहे. जखम भरल्यावर मऊ रबराची एमसीआर चप्पल घ्या असं डॉक्टरांनी सांगितलंय, पायाचं माप घेऊन शिवलेली. सांगली-मिरजेत कोण नीट शिवून देतं, कुणाच्या अनुभवात असेल तर सांगा. आण्णांना मागून पट्टा असलेली हवी आहे.